गोलकीपर व्हायचंय? ठाणे-नवी मुंबईतून पहिल्या करारापर्यंतची वाट

संघात अकरा जागा, त्यातली गोलकीपरची एक. डिफेंडर जायबंदी झाला तर मिडफिल्डर मागे येऊन वेळ मारून नेतो. कीपरच्या जागी मात्र दुसरा कीपरच लागतो, आणि पहिला फॉर्मात असेल तर त्या दुसऱ्याचा अख्खा हंगाम बाकावर जातो. पीटर थंगराज आणि एस. एस. नारायण हे दोघंही भारताचे उत्तम कीपर. १९५६ मेलबर्न आणि १९६० रोम, दोन्ही ऑलिंपिकच्या संघांत दोघं होते, पण मैदानावर एका वेळी एकच. (मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेले हे नारायण २०२१ मध्ये ठाण्यात वारले. ठाण्यातल्या किती कीपर मुलांना हे माहीत असेल, कोण जाणे.) म्हणून या जागेवर करिअर करायचं तर एक हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा: खऱ्या सामन्यात आपण किती मिनिटं खेळलो. अकॅडमी, क्लब, करार असे पुढचे सगळे निर्णय या आकड्याकडे बघून घ्यायचे आहेत.

पिंजऱ्यातला गोल आणि खरा गोल

घोडबंदर रोडपासून कोपरखैरणे-नेरुळपर्यंत बहुतेक मुलं पहिल्यांदा खेळतात ती जाळी मारलेल्या, तासावर भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर. तिथे गोल लहान, डोक्यावरही जाळी, आणि शॉट येतो चार-पाच मीटरवरून. पाय फाकवून आडवं उभं राहिलं की निम्मे शॉट अंगावरच आदळतात. ही सवय मोठ्या मैदानावर नडते. खरा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, म्हणजे २४ फूट बाय ८ फूट. तिथे उंच क्रॉस (बाजूने गोलसमोर मारलेले चेंडू) येतात, डिफेन्सच्या मागे लांब पास पडतात, वीस मीटरवरून चेंडू वळत येतो. पिंजऱ्यात तयार झालेला कीपर रेषेला चिकटून राहतो, क्रॉसला बाहेर पडत नाही आणि हाताच्या जागी पाय पुढे करतो. निवड करणाऱ्याला हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

त्यामुळे अकॅडमीत नाव घालताना फी विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा. आठवड्यातले किती दिवस पूर्ण मापाच्या गोलात सराव होतो? कीपरसाठी वेगळा कोच आहे का? बऱ्याच ठिकाणी कीपरला शेवटच्या वीस मिनिटांत ‘चला, शूटिंग’ म्हणून उभं करतात. तो स्ट्रायकरचा सराव झाला. नवी मुंबईत मोठ्या मैदानांची सोय त्यातल्या त्यात बरी आहे: नेरुळचं यशवंतराव चव्हाण मैदान, वाशीचं फादर ॲग्नेल संकुल, खारघरचं सिडकोचं फुटबॉल केंद्र. घणसोलीत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही निवासी अकॅडमी आहे, तिथला प्रवेश शिष्यवृत्तीवर आणि निवड चाचणीतून होतो. मोठा गोल मिळतच नसेल तर मोकळ्या मैदानात मोजपट्टीने २४ फुटांवर दोन कोन ठेवा. उंची कळणार नाही, पण रुंदीचा अंदाज तरी डोळ्यांत बसेल.

बारा वर्षांखालच्या मुलाला कायमचा कीपर करू नका. अर्धा वेळ त्याला गोल सोडून मैदानात खेळू द्या, पाय तयार होतात. थंगराजनेही सुरुवात सेंटर फॉरवर्ड म्हणून केली होती. या वयात चेंडू चार नंबरचा हवा. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो आणि जवळून जोरात आला तर वाढत्या वयातलं मनगट दुखावतं.

ग्लोव्ह्ज, कपडे, बूट

माप असं घ्या: अंगठा सोडून तळहाताच्या सगळ्यात रुंद भागाभोवती इंचटेप फिरवा, आलेला आकडा वरच्या पूर्ण आकड्यावर न्या आणि त्यात एक मिळवा. साडेसात इंच आले तर आठ, म्हणून नऊ नंबर. घातल्यावर बोटाच्या टोकापुढे अर्धा ते एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. बोटांत प्लॅस्टिकच्या पट्ट्या असलेले ग्लोव्ह्ज दुकानदार आग्रहाने दाखवतो. पट्ट्यांनी आधार मिळतो, पण बोटं चेंडूभोवती नीट मिटत नाहीत. शिकताना बिनपट्टीचेच घ्या.

दोन जोड्या ठेवा. जुनी किंवा स्वस्त जोडी सरावाला, चांगली सामन्याला. कृत्रिम टर्फ लॅटेक्स खातं, त्यामुळे महागडी जोडी टर्फवर वापरली तर महिन्या-दोन महिन्यांत तळवा सोलवटलाच म्हणून समजा. नवी जोडी वापरण्याआधी कोमट पाण्यात एकदा धुवा, वरचा थर निघून जातो आणि पकड येते. दरवेळी खेळण्याआधी तळवे हलके ओले करा, कारण कोरडं लॅटेक्स घसरतंही आणि फाटतंही. खेळून झालं की साबणाची पावडर न वापरता हाताने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. गॅलरीतल्या कडक उन्हात टाकले तर कडक होऊन तडकतात. तळव्याला तळवा लावून ठेवले तर एकमेकांना चिकटतात आणि सुटे करताना थर निघतो. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा. चार दिवस बंद बॅगेत राहिले तर बुरशी धरलीच.

टर्फवर लांब पँट आणि कोपरापर्यंतच्या बाह्या घाला, नाहीतर कंबर, गुडघे सोलून निघतात आणि मूल डाइव्ह मारायलाच बिचकतं. बूट टर्फला बुटक्या रबरी स्टडचे, पावसाळी चिखलाला लांब स्टडचे. लांब स्टड टर्फमध्ये अडकतात आणि अंग वळलं तरी गुडघा वळत नाही. तिथेच दुखापत होते.

पहिले सहा महिने: उभं राहणं, पकडणं, पडणं

याच क्रमाने. डाइव्ह आधी शिकवली की मूल सगळीकडे उडी मारतं, दोन पावलं सरकून जे छातीवर घेता आलं असतं त्यालाही.

उभं राहणं: पाय एकमेकांपासून खांद्यांच्या रुंदीइतके दूर, गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यांवर, हात कमरेच्या उंचीला शरीरापुढे. समोरच्याचा पाय शॉटसाठी मागे गेला की तुम्ही जागेवर थांबलेले असायला हवेत. नवख्यांचे निम्मे गोल इथेच होतात. कीपर पुढे धावत असताना शॉट निघतो, एक पाय हवेत असतो आणि बाजूला ढकलायला जमिनीवर पायच नसतो. एक पाऊल कमी पुढे आलात तरी चालेल, पण थांबलेले असा.

पकडणं: छातीच्या वरच्या चेंडूला दोन्ही अंगठे जवळ, बोटं पसरलेली, तळवे चेंडूच्या मागे. कमरेखालच्या चेंडूला करंगळ्या जवळ, तळवे वर, चेंडू कोपरांच्या कवेत घेऊन छातीशी. सरपटत आला तर एक गुडघा वळवून खाली, म्हणजे हातातून सुटला तरी मागे पायाची भिंत असते. पावसात ओला चेंडू टप्प्यावर वेग घेतो. तेव्हा पकडण्याचा हट्ट सोडून बाजूला, साइडलाइनच्या दिशेने ढकला. समोर ढकललेला चेंडू स्ट्रायकरच्या पायातच जातो.

पडणं: आधी बसून, मग गुडघ्यांवर, मग उकिडवं, मग उभ्याने. प्रत्येक टप्पा आठवडाभर, दोन्ही बाजूंना दहा-दहा, तीन वेळा. जमिनीला क्रमाने टेकतं ते पोटरीची बाजू, मांडी, कंबर, बरगड्यांची बाजू आणि खांदा. खालचा हात चेंडूच्या मागे, वरचा हात चेंडूवर, आणि चेंडू जमिनीवर दाबलेला. कोपर अंगाखाली आलं तर बरगडीला मार, पोटावर पडलात तर चेंडू सुटतो. पहिलं पाऊल चेंडूच्या बाजूच्या पायाने तिरकं पुढे टाका. मागे टाकलंत तर चेंडू अडवूनही गोलरेषेच्या आत जाल. उजव्या हाताची मुलं बहुधा डावीकडे वाईट पडतात. त्या बाजूला जास्त घ्या. एका सत्रात पूर्ण ताकदीच्या चाळीस-पन्नास डाइव्ह पुष्कळ झाल्या. पुढच्या सगळ्या थकलेल्या अंगाने चुकीच्या मारल्या जातात.

बोटाचं टोक चेंडू लागून खाली लोंबायला लागलं आणि सरळ होईना, तर ‘मुरगळलंय’ म्हणून ओढू नका. त्यातली शीर तुटलेली असू शकते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बोट सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे सलग ठेवावी लागते. मध्ये एकदा काढून बोट वाकवलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

दोन दोऱ्या आणि कोन

कीपिंगमधली सगळ्यात कमी शिकवली जाणारी आणि सगळ्यात जास्त गोल वाचवणारी गोष्ट म्हणजे उभं कुठे राहायचं. त्यासाठी वीस-वीस मीटरच्या दोन दोऱ्या लागतात. एकेक दोरी एकेका पोस्टच्या बुडाशी बांधा आणि दुसरी टोकं चेंडूपाशी एकत्र आणा. दोऱ्यांच्या मधली जागा म्हणजे शॉट जाऊ शकेल ती वाट. आता गोलरेषेवर उभे राहा, मग हळूहळू चेंडूकडे चाला आणि दोऱ्या जवळ येताना बघा.

चेंडू डीच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या) रेषेवर, गोलच्या बरोबर समोर १६.५ मीटरवर ठेवला तर रेषेवर उभ्या कीपरला ७.३२ मीटर झाकायचे असतात. तीन मीटर पुढे आलात की उरतात सहा मीटर. छोट्या चौकटीच्या रेषेवर, म्हणजे साडेपाच मीटर पुढे आलात की जेमतेम ४.९ मीटर. मग आणखी पुढे का नको? कारण डोक्यावरून चिप मारायला जागा मिळते, आणि चेंडू जवळ आल्यामुळे प्रतिक्रियेचा वेळ घटतो. ताशी ९० किलोमीटरचा शॉट १६.५ मीटर साधारण ०.६६ सेकंदात कापतो, ११ मीटर ०.४४ सेकंदात.

चेंडू बाजूला, कोपऱ्याकडे नेऊन हाच प्रयोग करा. दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध राहायला गेलात की लक्षात येतं, जवळच्या पोस्टकडे वाटतं त्याहून जास्त सरकावं लागतं. महिनाभर सराव सुरू होण्याआधी दहा मिनिटं हे करा. नंतर दोऱ्या काढा, डोळे मिटून जागा घ्या, उघडून तपासा.

पाय, नियम आणि आवाज

१९९२ पासून सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला पास हातात घेता येत नाही, त्यामुळे पाय न चालणाऱ्या कीपरला आज कोणी घेत नाही. दोन्ही पायांनी वीस मीटरचा जमिनीलगतचा पास बिनचूक जायला हवा. २०१९ पासून गोलकिक डीच्या बाहेर जायची वाट न बघता सहकारी डीमध्येच घेऊ शकतो. अनेक शालेय संघ अजूनही आंधळेपणाने लांब मारतात. आणि ताजा बदल: २०२५-२६ च्या हंगामापासून चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो. आधी सहा सेकंदांचा नियम होता, पण तो कोणी फारसा लावत नसे. आता लागतो. पेनल्टीला, शॉट निघेपर्यंत निदान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर, तिच्या सरळ रेषेत किंवा तिच्या मागे असला पाहिजे.

आवाज हा सरावाचा भाग धरा. क्रॉसला निघण्याआधी मोठ्याने ‘कीपर!’, निघणार नसाल तर ‘अवे!’ (म्हणजे डिफेंडरने चेंडू लांब मारायचा). पाठीमागे माणूस असेल तर ‘मॅन ऑन!’, मोकळा असेल तर ‘टाइम!’. आधी नाव, मग एक शब्द. गोल खाल्ल्यावर डिफेंडरवर ओरडण्याला आवाज म्हणत नाहीत.

कागद आणि नोंदणी

जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. निवड झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. वयोगटाच्या स्पर्धांत वयाची खात्री डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरूनही केली जाते, तेव्हा ‘एक वर्ष कमी दाखवू’ असा सल्ला देणाऱ्या दादापासून चार हात लांब राहा.

नोंदणी क्लब करतो, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत. एका हंगामात दोन क्लबांच्या फॉर्मवर सही केली तर दोन्हीकडचं खेळणं अडकतं. जिल्ह्याच्या निवडीत एक घोळ नेहमी होतो: ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. पत्ता बघूनच चाचणीला जा. शाळेतून सुब्रतो कपसारख्या स्पर्धांची वाट आहे (मुलांसाठी १५ आणि १७ वर्षांखालील, मुलींसाठी १७ वर्षांखालील). शाळेचा संघच नसेल तर क्लबवर भर द्या.

मुंबईच्या लीगचे सामने कूपरेजला किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर पडले तर प्रवास धरून चाला. वाशीकरांनी वडाळ्याला गाडी बदलून हार्बरनेच वांद्रं गाठावं, ठाणेकरांना दादरला बदल. सकाळी सातनंतर किटबॅग घेऊन लोकलमध्ये चढणं म्हणजे अर्धी ताकद तिथेच गेली.

ट्रायल

नेण्याच्या वस्तू: ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या, दोन रंगांचे जर्सी, बोटांची टेप, पाण्याची बाटली, टॉवेल, कागदांच्या झेरॉक्स. कीपरची गंमत अशी की तासाभरात कदाचित दोनच शॉट अंगावर येतील. म्हणून बघणारे बाकीचं बघतात: चेंडू लांब असताना कुठे उभा आहे, बॅकपासवर पहिला टच कसा, क्रॉसला निघायचा निर्णय, आणि गोल बसल्यावर पुढची पाच मिनिटं. उंचीही बघतात, हे लपवण्यात अर्थ नाही. सहा फुटांखालच्या मुलाने क्रॉस आणि पाय यांत उठून दिसायलाच हवं.

‘निवड नक्की, पण आधी नोंदणीचे पंचवीस हजार’ असं कोणी म्हटलं तर परत फिरा. व्हिडिओ पाठवायचा असेल तर तीन-चार मिनिटांचा, त्यात सेव्ह निम्मे आणि उरलेल्या वेळात क्रॉस, पास, स्वीपिंग (डिफेन्सच्या मागे पडलेला चेंडू पुढे येऊन साफ करणं). चित्रण मध्यरेषेच्या उंच जागेवरून करा. गोलमागून घेतलेल्या चित्रणात तुमची जागा कळत नाही.

पहिला करार

फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा लांब करता येत नाही, इतरांचा पाच वर्षांपर्यंत. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी करार करता येतो. सही करण्याआधी हे वाचा: पगार वर्षाचे बारा महिने की हंगामापुरताच, दुखापत झाली तर पगार आणि ऑपरेशनचा खर्च कोणाचा, राहणं-जेवण त्यात आहे का, क्लब मधेच काढू शकतो का आणि किती नोटिशीवर. स्वतःची सही केलेली प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. टीडीएस (पगारातून आधीच घेतलेला कर) कापला जातो, विवरणपत्र भरलं तर तो परत मिळू शकतो, हे बहुतेक पोरांना दोन वर्षांनी कळतं. एजंट असेल तर त्याच्याकडे फिफाचं लायसन्स हवं, आणि १८ खाली असाल तर बोलणी आईवडिलांच्या लेखी संमतीनेच.

एका पगारावर सगळं बेतू नका. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) पुढचा हंगामच लांबणीवर पडला आणि करार हातात असलेले खेळाडूही घरी बसले. बारावी आणि पदवी चालू ठेवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यालाही शिक्षणाची अट असतेच.

बाकावरचं वर्ष

ते येणारच. मोठ्या क्लबचा तिसरा कीपर की लहान क्लबचा पहिला, असा प्रश्न १८ ते २१ या वयात पडला तर लहान क्लब घ्या. धीरज सिंग २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कीपर होता. पुढे कोलकात्याच्या एटीके क्लबमध्ये त्याला फारसं खेळायला मिळालं नाही. जानेवारी २०२१ मध्ये तो एफसी गोवाकडे गेला आणि त्याच एप्रिलमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये त्याच्या सेव्ह्जची आशियाभर चर्चा झाली.

बसावंच लागलं तर राखीव संघाचे, २१ वर्षांखालच्या लीगचे सामने मागून घ्या. सामन्याच्या दिवशी पहिल्या कीपरचा वॉर्म-अप तुम्हीच द्यायचा असतो, साधारण पंचवीस मिनिटं: पाच मिनिटं पाय मोकळे, आठ मिनिटं पकड, पाच मिनिटं क्रॉस, पाच मिनिटं शॉट, शेवटी दोन-चार लांब किक. चेंडू त्याच्या हातात बसतील असे मारा. त्याला चकवून गोल करण्याची ही वेळ नाही. मध्यंतराला मैदानावर जाऊन तुम्ही स्वतः दहा मिनिटं चेंडू घ्या, कारण लाल कार्ड निघालं तर तुम्हाला थंड अंगाने, बहुधा पेनल्टीसमोर, उतरावं लागतं.

हंगाम संपल्यावर वही उघडा. मिनिटं चारशेच्या आत असतील आणि पहिला कीपर पुढच्या वर्षीही तोच असेल, तर नोंदणीची खिडकी उघडण्याआधी कोचकडे जा आणि लोनवर (तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे) सोडायला सांगा. खिडकी बंद झाल्यावर विचारलंत तर जानेवारीपर्यंत तोच बाक.